ओळीच्या शेवटी थांबणाऱ्या बाई

बाई,

शनिवारी सकाळी पावणेनऊला मी नेहमीसारखा तुमच्या बिल्डिंगखाली येऊन दोनदा हॉर्न वाजवला. दोनदाच, कारण तिसऱ्या हॉर्नला तुम्ही गॅलरीतून म्हणायचात, "भोयर, पेठेत बहिरी माणसं फार नाहीत." पाच मिनिटं झाली, दहा झाली, तुम्ही खाली आला नाहीत. मला आधी राग आला. आदल्या शनिवारचं भांडण तुम्ही मनात ठेवलंय आणि मला ताटकळत ठेवून त्याची शिक्षा देताय, असं वाटलं. म्हणून मुद्दाम तिसरा हॉर्न वाजवला. चांगला लांबलचक. त्यावरही तुम्ही काही बोलला नाहीत.

मग जिना चढून वर आलो. दार उघडं होतं आणि बाहेर चपलाच चपला. माझ्या हातात दोन हेल्मेटं होती, एक माझं आणि एक तुमचं. दारात आलेल्या बाईंनी, म्हणजे तुमच्या वहिनींनी, आधी हेल्मेटं बघितली, मग मला. "आपण कोण? कुरिअर का?"

"बाई आहेत ना? क्लासला उशीर होऊन राहिला."

त्या म्हणाल्या, "ताई गेल्या हो. गुरुवारी दुपारी."

मी विचारलं, "कुठे?"

शपथेवर सांगतो बाई, मी "कुठे" असं विचारलं. चांगला एकतीस वर्षांचा माणूस, दिवसभर मशीनशी तर्काने बोलायची नोकरी, आणि तोंडातून हे आलं. त्या दारात माझं जे काही थांबलं ते अजून सुरू झालेलं नाही. आज सोमवार आहे. ऑफिसला रजा टाकली. रजेच्या अर्जात मृत व्यक्तीशी असलेलं नातं निवडावं लागतं. आई, वडील, पती, पत्नी, अपत्य, सासू, सासरे, आणि सगळ्यात खाली इतर. मी इतर निवडलं आणि मग बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसलो.

आपण भेटलो ते दीड वर्षापूर्वी, कॅम्पातल्या त्या पियानोच्या वर्गात. मी तिथे गेलो तो खोटं पचवायला. कंपनीत नव्या लोकांची ओळख करून घेताना प्रत्येकाला छंद विचारत होते. कोणी ट्रेकिंग म्हणालं, कोणी फोटोग्राफी. यवतमाळहून आलेल्या मला वाटलं, आपण काय कमी आहोत, आणि मी पियानो म्हणून मोकळा झालो. पियानो मी तोवर सिनेमात पाहिला होता. आमचा मॅनेजर खूश. पुढच्या वर्षीच्या समारंभात वाजवशील ना, म्हणाला. तेव्हा मुकाट्याने नाव घातलं. वर्गात पाहतो तर सात-आठ वर्षांची अकरा पोरं, आणि त्यांच्यात छोट्या खुर्चीवर ताठ बसलेल्या तुम्ही. पासष्टीच्या पुढच्या, नऊवारी नाही पण इस्त्रीची सुती साडी, मनगटाला घड्याळ आतल्या बाजूने.

मिसने तुम्हाला सोपी दोन ओळींची धून वाजवायला बसवलं. पहिली ओळ तुम्ही वाजवलीत, आणि ओळ संपल्याबरोबर तुमचा डावा हात पट्ट्यांवरून उठला, खांद्याच्या उंचीला गेला आणि हवेत डावीकडून उजवीकडे काहीतरी ढकलून खाली आला. मग दुसरी ओळ. ती संपली, पुन्हा हात. पोरं खिदळली. मिस बिचारी चोवीस वर्षांची, तिला काही कळेना. म्हणाली, "आजी, हा हात कुठे जातोय?"

त्या खोलीत फक्त मला कळलं होतं तो हात कुठे जातोय ते. यवतमाळला बारावीनंतर बाबांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. ओळ संपत आली की टिंग करून घंटी वाजते, उरलेली चार-पाच अक्षरं मारायची, मग डाव्या हाताने कॅरेजचा, म्हणजे कागद धरून सरकणाऱ्या भागाचा, दांडा ढकलायचा की कागद वर सरकतो आणि नवी ओळ सुरू. तुम्ही टाइपरायटरची ओळ बदलत होता. पियानोवर.

वर्ग सुटल्यावर मी विचारलं, "बाई, इंग्रजी चाळीसची परीक्षा का?"

तुम्ही मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलंत. "चाळीस मी शिकवायची. स्वतःचं विचाराल तर मिनिटाला साठ शब्दांच्या वर. तुमचं?"

"तीस."

"वाटलंच. मनगटं लोंबतात तुमची."

ही आपली ओळख. तीस वर्षं टिळक रोडच्या एका बोळात तुमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, पंधरा मशिनं, सकाळी साडेसहापासून तुकड्या. मग कॉम्प्युटर आले. तुम्ही म्हणायचात, "कोणी बंद पाडली नाही हो. एकेक बॅच रोडावली, आणि एका सोमवारी मी एकटीच होते." मशिनं भंगारवाल्याने टेम्पोत भरून नेली. बोटांचं काय करायचं हे मात्र कोणी सांगितलं नाही, असं तुम्ही एकदा सिग्नलला माझ्या मागे बसल्या-बसल्या म्हणालात, आणि सिग्नल सुटल्यावर लगेच म्हणालात, "पुढे बघा."

मी हडपसरचा. कॅम्प मला वाटेतच लागतो. तरी दर शनिवारी कॅम्प ओलांडून नारायण पेठेत यायचो, तुम्हाला घेऊन परत कॅम्पात जायचो. याचं कारण मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, तुम्हीही विचारलं नाहीत, फक्त एकदा म्हणालात, "तुमच्या कंपनीत भूगोल येणारे कोणी नाही का?" आता सांगतो. फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहतो आणि आठवडाभर एकमेकांशी इंटरनेट बंद पडलं तरच बोलतो. तुमचं टोमणे मारणं मला लागायचं. चहासारखं लागायचं.

पण मानाने वर बोलावणं तुम्हाला जमलं नाही. दीड वर्षात एकदाही नाही. मे महिन्यात मी घामाघूम उभा राहून म्हणालो होतो, "बाई, आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला पाणी तरी विचारतात." तुम्ही म्हणालात, "आमच्याकडेही विचारतात. नळ पार्किंगमध्ये आहे." आणि मग पुढे, थोडं खालच्या आवाजात, "वर बघण्यासारखं काही नाही हो." मी ते पुणेरीपणाच्या खात्यात टाकून दिलं. किती मूर्ख मी.

पियानोच्या सुरुवातीच्या गोष्टी आपण दोघं त्या पोरांपेक्षाही हळू शिकलो. तुमचं अडलं अंगठ्यावर. मिस सांगायची, अंगठा म्हणजे एक नंबर, तर्जनी दोन. तुम्हाला ते तीन महिने मान्यच नव्हतं. "अंगठा फक्त जागा सोडायला असतो," तुमचा मुद्दा. टायपिंगमध्ये अंगठा शब्दांमधल्या मोकळ्या जागेच्या पट्टीवर बसतो, त्याला अक्षर देत नाहीत. त्यामुळे तुमचे सूर आठच बोटांनी वाजायचे आणि दोन्ही अंगठे हवेत, शिस्तीत. सप्तक चढताना अंगठा बोटांखालून पलीकडे घालतात हे मिसने दाखवलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "हा सरळसरळ चोरटेपणा आहे." आणि पुढच्याच शनिवारी तो चोरटेपणा आमच्या सगळ्यांपेक्षा सफाईने करून दाखवलात.

माझं अडलं डोळ्यांवर. मी बोटांकडे बघितल्याशिवाय एक सूर वाजवू शकत नव्हतो. त्यावर मिसकडे उपाय नव्हता, तुमच्याकडे होता. पर्समधून घडी केलेला मोठा रुमाल काढून तुम्ही माझ्या दोन्ही हातांवर पसरलात. "वाजवा." मी म्हटलं, "बाई, पोरं हसतात." तुम्ही म्हणालात, "हसू दे. त्यांना अजून परीक्षा माहीत नाहीत." तुमच्या क्लासात नवीन मुलींच्या हातांवर असाच कपडा टाकायचात, अक्षरं दिसू नयेत म्हणून. सहा शनिवार मी त्या रुमालाखाली वाजवलं. आंघोळीच्या साबणाचा वास यायचा त्याला. सातव्या शनिवारी तुम्ही रुमाल काढलात आणि मी समोरच्या कागदाकडे बघत होतो, हातांकडे नाही. तुम्ही रुमालाची घडी घातलीत. मला आयुष्यात कोणी इतकं चांगलं काही शिकवलेलं नाही बाई, आणि हे मी तुम्हाला तेव्हा म्हणायला हवं होतं.

"घरी सराव कशावर करता?" असं मी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "कागदावर." मला वाटायचं थट्टा चाललीय.

मग मिसने पालकांच्या कार्यक्रमासाठी आपल्याला एक तुकडा दिला, एका पियानोवर दोघांनी वाजवायचा. डाव्या बाजूला तुम्ही, खर्जात. उजवीकडे मी, वरचे सूर. आठ ओळींचा, दोन पानांत. सुरुवातीच्या सोळा मात्रा फक्त तुमच्या, मी नंतर येणार. बाकी सगळं जमलं, पण दर ओळीच्या शेवटी तुमचा हात उठायचा, माझ्या कोपराला लागायचा, ताल तुटायचा आणि मी चुकायचो. आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि दोन महिने चाललं.

तुमचं म्हणणं, "ओळ संपली की संपली. नाहीतर लिहिणाऱ्याने खाली कशाला उतरायचं?"

"कागद संपला म्हणून उतरला बाई. गाणं संपलेलं नाही."

"मग कागद संपल्याची दखल घ्यायची नाही?"

"नाही घ्यायची. पुढे जायचं."

"असं पुढे जाऊनच तुमच्या पिढीला मागचं काही दिसत नाही."

मला हे भांडण आवडायचं, खरं सांगतो. गाडीवर, सिग्नलला, वर्गाच्या जिन्यात, आपण तेच तेच बोलायचो. पण त्या शनिवारी कार्यक्रमाला आठच दिवस उरले होते, ऑफिसात माझी आठवडाभर चंपी झाली होती, आणि तुमचा हात तिसऱ्यांदा माझ्या कोपरावर आदळला. मी वाजवणं थांबवून सगळ्या पोरांसमोर म्हणालो, "बाई, टाइपरायटर गेला. कधीच गेला. आता तरी सोडा तो."

तुम्ही हात मांडीवर ठेवलेत. मला उलट उत्तर हवं होतं, तुमचं ते धारदार काहीतरी, म्हणजे फिट्टंफाट झाली असती. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. परतताना मागच्या सीटवर तुम्ही आहात की नाही हे मला दोनदा आरशात बघावं लागलं. घरासमोर उतरलात, हेल्मेट दिलंत, म्हणालात, "पुढच्या शनिवारी वेळेवर या." मी आठवडाभर माफी मागायचं ठरवत होतो. फोन उचलायचो आणि ठेवायचो. प्रत्यक्ष भेटूनच मागू, शनिवार आहेच की, असं म्हणायचो स्वतःला.

परवा शनिवारी मी पहिल्यांदा तुमच्या घरात पाऊल टाकलं. तुमचे भाऊ पुढे आले, तुमच्याच नाकाचे. "आपण ताईला कुठून ओळखता?"

"पियानोच्या क्लासमधून."

"कशाच्या?"

"पियानोच्या. दीड वर्ष झालं. उद्या कार्यक्रम आहे आमचा."

ते वहिनींकडे बघायला लागले, वहिनी त्यांच्याकडे. "ताई शनिवारी योगासनांना जायची," ते म्हणाले. "ज्येष्ठ नागरिक संघात. आणि हे बघा, आमच्या ताईचा आणि पियानोचा काय संबंध?" त्यांच्या आवाजात राग होता, पण तो माझ्यावर नव्हता. सख्ख्या बहिणीबद्दल परक्या माणसाने काहीतरी सांगावं आणि ते खरं निघावं, त्याचा होता. मग तेच एकदम म्हणाले, "थांबा. म्हणजे ते टेबलावरचं पियानोचं आहे?"

जेवणाच्या टेबलावर एका बाजूला ड्रॉइंगचा जाड कागद चिकटवला होता. त्यावर पट्टीने आखलेल्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, अगदी खऱ्या मापाच्या. मधल्या पट्ट्यांवरचा काळा रंग बोटांनी घासून उडाला होता. तुम्ही खरोखर कागदावर सराव करत होता. दीड वर्ष तुम्ही घरात एकही सूर न ऐकता वाजवत होता, आणि मी माझ्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा आवाज बारीक येतो म्हणून तुमच्यापाशी कुरकुर करायचो.

आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मशीन होतं. मराठी टाइपरायटर, तेलपाणी केलेला, चकचकीत. पंधरावा. तो तुम्ही दिलाच नव्हता. बाई, टाइपरायटर गेला, कधीच गेला, असं मी ज्यांना सुनावलं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर तो रोज होता. वर बघण्यासारखं काही नाही म्हणता ना.

"इथेच होत्या खुर्चीत," वहिनी म्हणाल्या. "काम करणाऱ्या मावशींनी चारला बेल वाजवली तर दार उघडेना. डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं असेल. आम्ही काही हलवलं नाही अजून. हात लावावासा वाटत नाही."

मशीनमध्ये कागद चढवलेला होता. त्यावर तुमच्या नेहमीच्या नीटस समासात लिहिलं होतं:

भोयर, ओळ काढून टाकली आहे. आता

एवढंच. मी ते तीनदा वाचलं. शेजारी रबरबँड लावलेली कागदाची गुंडाळी होती. "हे काय आहे कळेना," तुमचे भाऊ म्हणाले, "रद्दीत जाणार होतं." मी ती उलगडली. आपल्या तुकड्याच्या झेरॉक्सच्या आठही ओळी तुम्ही कात्रीने कापून एकापुढे एक चिकटवल्या होत्या. कुठे सुरकुती नाही, डिंकाचा ओघळ नाही. तीन हात लांब एकच ओळ. तिला मधे शेवटच नव्हता. हात उचलायची वेळच येणार नव्हती.

तुम्ही माझं ऐकलं होतंत. मी इतक्या वाईट तऱ्हेने बोललो आणि तुम्ही त्यातली शिवी बाजूला ठेवून मुद्दा तेवढा घेतलात, आणि चार दिवसांत कात्री-डिंक घेऊन तो सोडवलात. त्यानंतर मी तुमच्या घरात, तुमच्या भावासमोर, दोन हेल्मेटं मांडीवर घेऊन रडलो. वहिनींनी पाणी आणून दिलं. दीड वर्षांनी तुमच्या घरचं पाणी प्यायलो, तर ते असं.

वर्गात पोचलो तेव्हा पोरं निघाली होती. मिसला सांगितलं. ती पियानोच्या स्टुलावर बसली. तुमच्या भावांकडून मागून आणलेली ती चिकटवलेली लांब पट्टी दाखवल्यावर म्हणाली, "म्हणून मोजत होत्या! गेल्या शनिवारी तुम्ही गाडी काढायला गेलात ना, तेव्हा बाई पियानोची रुंदी विती विती मोजत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, मार्जिन बघतेय." म्हणजे घरी जाऊन विचार केल्यावरही नाही. मी गाडीला किक मारत होतो तेव्हाच तुम्ही ठरवून टाकलं होतंत. गाडीवर गप्प होता त्या रागाने नाही, हिशेब करत होता. कदाचित रागही असेल. मला आता कधीच कळणार नाही.

"उद्याचं तुमचं नाव काढू का?" मिसने विचारलं. "की मी बाईंच्या बाजूला बसू?"

मी म्हटलं, नाव काढू नका, आणि बसू पण नका.

रविवारी, काल, मिसने ती पट्टी पियानोवर चिकटवपट्टीने लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोब्बर बसली. बसल्यावर माझ्या लक्षात आलं, पहिल्या चार ओळी तुमच्या जागेसमोर होत्या आणि पुढच्या चार माझ्यासमोर. एकट्याला पूर्ण दिसणार नाही अशी होती ती. पहिल्या सोळा मात्रा तुमच्या. मी हात मांडीवर ठेवून मनात सोळा मोजल्या. पालकांना वाटलं असणार, हा माणूस विसरला. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. मला त्या सोळांत सगळे सूर ऐकू आले, आठ बोटांचे, आणि नंतर दोन अंगठ्यांचेही.

मग मी सुरू केलं. तुम्ही माझ्यासाठी ओळ काढून टाकलीत, तर आता न थांबता जायचं, असं ठरवून गेलो होतो. पहिला जोड आला. तुमच्या कात्रीची बारीक रेघ दिसली मला, आणि माझा डावा हात आपोआप उठला, खांद्यापर्यंत गेला, हवेत काहीतरी ढकलून खाली आला. ताल तुटला. पुढची एक मुलगी खुदकन हसली, तुम्हाला हसायची तीच. मला फार बरं वाटलं. सात जोड होते, सातही ठिकाणी थांबलो. भांडण तुम्ही जिंकलात बाई. माझी माफी राहिली, ती इथे मागतो. मी वाईट बोललो, मला माफ करा.

आज सकाळी तुमच्या भावांचा फोन आला. मशीन कोणाला द्यायचं, मला हवं का, विचारत होते. आणायला जाईन म्हणालो. पण त्यातला कागद मी काढणार नाही. "आता"च्या पुढे तुम्ही काय लिहिणार होतात ते मी कालपासून वेगवेगळं लावून बघतोय. आता चुकलात तर दुसरी सबब शोधा. आता तरी वेळेवर या. आता वर येऊन चहा घ्या. प्रत्येक तुमच्या आवाजात बसतं आणि एकही खरं वाटत नाही.

मध्येच हात उचलायचा नाही हे तुम्हीच शिकवायचात ना? घंटी होऊ द्यायची, उरलेली अक्षरं मारायची, मगच हात उचलायचा. शनिवारी मी त्या मशीनपाशी वाकून नीट बघून आलोय. कॅरेज अर्ध्यावर उभी होती. घंटी वाजायला पुष्कळ अक्षरं बाकी होती. बाई, ओळ संपली नव्हती हो.